‘साखर नाही’ हे मीच जुळवलं

आमच्या गल्लीत परवा एकाला साखरेचा आजार निघाला. दुसऱ्याच दिवशी तो माझ्याकडं आला, पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि म्हणाला, ‘‘ही चालतात. वर लिहिलंय.’’ मी पुडा हातात घेतला, मागची बारीक ओळ वाचली आणि त्याच्यादेखत पुडा उकिरड्यावर फेकला. तो तणतणत निघून गेला. त्या वेळी मला त्याला धड काही सांगता आलं नाही, ते इथं लिहितो. मी मुळात शांत माणूस नाही आणि हा आजार झाल्यापासून तर अजिबातच नाही. ज्यांना धीराचे चार शब्द हवेत त्यांनी ते दुसरीकडं शोधावेत. माझ्याकडं फक्त झालेली गोष्ट आहे.

घनश्यामचा धनश्याम

मी दौंडला एका छापखान्यात कंपोझिटर होतो. शिशाचे खिळे एकेक उचलून शब्द जुळवायचे, शब्दांच्या ओळी करायच्या, त्या लोखंडी गॅलीत बांधायच्या आणि यंत्रावर द्यायच्या, हे माझं काम. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. सोळाव्या वर्षापासून मी उलटंच वाचत आलो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, तमाशाच्या जाहिराती, डब्याबाटल्यांची लेबलं, सगळं आमच्याकडं व्हायचं. आमच्या बौद्धवस्तीतून अक्षरांच्या धंद्यात गेलेला मी पहिला. माझी चूक निघाली की ‘यांना कुठं जमतंय’ म्हणायला दोनतीन माणसं टपलेली असायची, म्हणून मी चूक करत नसे.

मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी चुका करायला लागलो. ‘ष’ आणि ‘प’ सारखे दिसायचे. एका पत्रिकेत नवरदेव घनश्यामचा मी धनश्याम केला, आणि ती तशीच छापून गेली. मुलाचे वडील छापखान्यात येऊन ओरडले. मालकांनी त्यांच्यासमोर मला झापलं आणि सगळ्या पत्रिका पुन्हा छापल्या. मी मान खाली घालून उभा होतो. खरं तर तेव्हा मला त्या दोघांचे चेहरेही नीट दिसत नव्हते.

तहान तर अशी लागायची की छापखान्यातला माठ दुपारपर्यंत मी एकटा रिकामा करायचो. कपडे ढिले झाले. पायजम्याची नाडी ओढून ओढून कमरेला वळ पडले. शिशावर उतारा म्हणून मालक आम्हा सगळ्यांना रोज गुळाचा खडा द्यायचे. मला अशक्तपणा आलाय म्हटल्यावर त्यांनी माझा खडा दुप्पट केला. मी तो चघळायचो आणि वर पाणी प्यायचो.

विटकरी

शेवटी बायको, सोजर, मला ओढत डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी लघवी आणायला सांगितली. काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात आठ थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, मग भगवं, आणि शेवटी भाजलेल्या विटेचा रंग आला. डॉक्टर नळीकडं बघूनच म्हणाले, ‘‘साळवे, तुम्हाला मधुमेह आहे.’’

औषध किती दिवस घ्यायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, जन्मभर. मी छत्तीस वर्षांचा होतो. डॉक्टरांनी तेवढ्या वेळात पुढच्या पेशंटला हाक मारली होती. मला तेव्हा त्यांचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. त्यांनी साखर, गूळ, केळी, बटाटा, भात बंद केला, गोळ्या दिल्या, घरी तपासायला ती काचेची नळी आणि निळ्या औषधाची बाटली दिली, आणि आम्ही बाहेर आलो.

सोजर रस्त्यात थांबली आणि म्हणाली, ‘‘पर आपुन साखर खाल्ली कवा? आपल्या च्यात सुदिक गूळ असतुया.’’

ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, आणि मलाही. वस्तीत बातमी गेली तशी लोक हसले. शेटजीचा रोग झाला म्हणाले. एकानं तर पेढे कधी वाटतोस असं विचारलं. मी त्याच्याशी बोलणं टाकलं ते आजतागायत.

गुळाला गूळ म्हणायचं

सोजरचा भाऊ बबन न्हावऱ्याला असतो. उसाच्या गुऱ्हाळावर तो चुलाणाशी काम करायचा. बहिणीचा नवरा आजारी म्हटल्यावर तो एसटीनं आला आणि येताना काकवीची किटली आणि गुळाची ढेप घेऊन आला. मी म्हटलं, हे मला चालत नाही. तो म्हणाला, ‘‘डाक्टरनं साखर बंद केलीया. गूळ म्हंजी साखर न्हवं. साखर कारखान्यात व्हती, त्यात औषदं घालत्यात. ह्यो आपल्या हातचा हाय.’’

मी त्याला समजावत होतो, पण माझीच समजूत पक्की नव्हती. डॉक्टरांनी यादी दिली होती, कारण दिलं नव्हतं. बबन हट्टाला पेटला. काकवी रक्त वाढवते, मध तर औषधच आहे, खडीसाखर थंड असते, असं एकेक सांगत गेला. गोड एकच, पण प्रत्येकाचं नाव निराळं आणि प्रत्येक नावाला निराळा गुण चिकटवलेला. मी तोल गेल्यासारखा ओरडलो आणि ढेप उचलून दाराबाहेर ठेवली. बबननं ढेप उचलली, किटली उचलली आणि बहिणीकडं न बघता निघून गेला. वर्षभर तो आमच्या घरी फिरकला नाही. सोजरनं त्या दिवसापासून स्वतःही चहात गूळ घालणं बंद केलं आणि कडू चहाचा प्रत्येक घोट माझ्याकडं बघत प्यायला लागली. तो तिचा राग होता.

शिरूरचं काम

चार महिने मी पाळलं. ज्वारीची भाकरी मोजून दोन, मेथी, शेपू, बिनगुळाचा चहा. नळीतला रंग हिरव्यापर्यंत आला होता. अक्षरं दिसायला लागली होती. पण मन कशातच नव्हतं. गोडाची आठवण दारूच्या आठवणीसारखी असते असं म्हणतात. मी दारू कधी प्यालो नाही, पण त्या दिवसांत दारुड्यांबद्दल वाईट बोलणं मी सोडून दिलं.

अशात शिरूरहून एका कारखानदाराचं काम आलं. दुधात घालून प्यायच्या पावडरीचा डबा, त्याचं लेबल. पावडरीचं नाव इथं देत नाही. कारखाना केव्हाच बंद पडला आणि त्या माणसाच्या मुलांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. लेबलावर मोठ्या टायपात मराठी मजकूर होता: ‘मधुमेहींसाठी खास. साखर नाही. नैसर्गिक गोडी.’ ते शब्द जुळवताना माझा हात क्षणभर थांबला. आपल्यासाठी कुणीतरी काहीतरी केलंय असं मला वाटलं.

खाली, सगळ्यात बारीक टायपात, इंग्रजीत दोन ओळी होत्या. मला इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, अर्थ येत नाही. सातवीनंतर शाळा सुटली. इंग्रजी मजकूर मी चित्र काढावं तसा जुळवायचो, एकेक अक्षर कागदाशी ताडून. त्यात एक शब्द होता: डी, ई, एक्स, टी, आर, ओ, एस, ई. तो लक्षात राहायचं कारण एवढंच की आमच्याकडं त्या बारीक टायपात एक्सचे खिळे दोनच होते, त्यातला धड असलेला आधीच्याच एका शब्दात गेला होता आणि उरलेल्याचा पाय तुटलेला. एरवी तो कुणाला लागत नसे. त्या दिवशी तो पुन्हा पुन्हा खाली बसायचा आणि मी त्याला कागदाची चकती लावून वर आणायचो. अर्धा तास त्या एका अक्षरावर गेला. कसलं तरी औषध असेल, असं समजून मी प्रूफ काढलं.

कारखानदार स्वतः प्रूफ बघायला आले. धोतर-कोट, बोलणं मऊ. मला हा आजार आहे असं मालकांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी मोटारीतून दोन डबे काढून माझ्या हातात दिले. म्हणाले, तुमच्यासारख्यांसाठीच काढलंय. मी त्यांच्या पाया पडलो नाही एवढंच.

सोजरनं सकाळ-संध्याकाळ ती पावडर दुधात घालून द्यायला सुरुवात केली. पहिल्या पेल्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गोड होतं. साखरेइतकं उग्र नाही, जरा मिळमिळीत, पण गोड. सोजर पदरानं हात पुसत समोर उभी होती आणि हसत होती. बऱ्याच दिवसांनी हसत होती. दोन डबे संपल्यावर आम्ही बाजारातून आणायला लागलो.

चोर

नळी पुन्हा विटकरी झाली. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, तरी विटकरी. तिसऱ्या वेळी त्यांनी नळी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘साळवे, चोरून खाताय. मला फसवू नका, मरायचंय तुम्हाला.’’

मी चोरून काहीच खात नव्हतो. मी तसं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही, आणि दारात उभ्या असलेल्या सोजरनंही ठेवला नाही. त्या दिवसापासून ती माझे खिसे तपासायला लागली. कामावरून आलो की बोलायच्या निमित्तानं जवळ येऊन तोंडाचा वास घ्यायची. छापखान्यातल्या एकाला तिनं विचारलं, हे दुपारी काय खातात. तो सगळ्यांसमोर मला म्हणाला, तुझी बायको तुझ्यावर पाळत ठेवते.

मी घरी आलो. ती म्हणाली, ‘‘म्या भाकर मोजून घालती आन् तुमी भायेर जाऊन खाताय.’’ मी समोरचं ताट भिरकावलं. ते भिंतीला लागून तिच्या पायाशी पडलं. तिला लागलं नाही, पण लागलं असतं. हे लिहायला मला आवडत नाही. आजारपणानं माणूस सोशीक होतो असं जे म्हणतात त्यांनी माझं ते ताट बघायला हवं होतं.

एवढं सगळं करून आम्ही दोघांनीही डब्यावर संशय घेतला नाही. त्यावर लिहिलं होतं ना. उलट भांडण झालं की ती माझ्यावर दया येऊन दुधात अर्धा चमचा जास्त घालायची.

अंगठा

पावडर सुरू होऊन वर्ष उलटल्यावर एका सकाळी छापखान्यात बांधलेली गॅली माझ्या हातातून निसटून डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडली. दुखलं नाही. पायाला मुंग्या येऊन तो बधिर झालेला, हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ माहीत नव्हता. दुखत नाही म्हणून मी पट्टी बांधून काम करत राहिलो. आठ दिवसांनी अंगठ्याला वास यायला लागला. दहाव्या दिवशी अंगात ताप भरला आणि मी असंबद्ध बोलायला लागलो. सोजरनं शेजाऱ्यांच्या मदतीनं मला पॅसेंजरमध्ये घातलं आणि पुण्याला सरकारी दवाखान्यात आणलं. त्या प्रवासातलं मला काहीच आठवत नाही. ती सांगते, मी सारखा ‘प्रूफ आलं का’ असं विचारत होतो.

अंगठा काढला. पाऊल वाचेल की नाही हे आठ दिवसांनी सांगू, असं मोठे डॉक्टर पायाकडं बघून म्हणाले. त्यांनीही तोंडाकडं बघितलं नाही. पाऊल गेलं तर मी दिवसभर केसपुढं, म्हणजे खिळ्यांच्या खणांपुढं, उभा कसा राहणार? कंपोझिटर बसून काम करत नाही. मी छताकडं बघत हाच हिशोब करायचो.

वॉर्डाचे दिवस ठरलेले असायचे. उजाडलं की लघवीच्या बाटल्या गोळा करायच्या. मग पातेल्यात काचेच्या सुया उकळल्याचा खडखडाट. मग इन्सुलिन, मांडीत. मग पट्टी सोडायची, ती सोडताना मी दात खायचो, कारण आता मात्र दुखत होतं. दुपारी भेटायची वेळ. सोजर धर्मशाळेत राहायची आणि रोज येताना बाहेरच्या चहावाल्याकडून दूध गरम करून आणायची. त्यात पावडर घालायची. डबा माझ्या खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर उभा असायचा. इन्सुलिन रोज वाढत होतं, साखर हटत नव्हती. रोज सकाळी नळी घेऊन येणाऱ्या शिकाऊ डॉक्टरनंही विचारलं, कोण खायला आणून देतं? सोजर खाली बघत उभी राहिली.

माझ्या डाव्या खाटेवर इनामगावचे एक धनगर आबा होते. पोटाचं ऑपरेशन झालेलं, तोंडानं पाण्याचा थेंब नाही. त्यांच्या उशाला काचेची बाटली उलटी टांगलेली असायची आणि तिची नळी त्यांच्या हातात गेलेली. आबांना बोलायचा हुरूप फार. मेंढरं विकून जमीन कशी केली ते त्यांनी मला तीनदा सांगितलं. एका दुपारी मी त्यांचं ऐकत पडलो होतो आणि नजर त्या उलट्या बाटलीवर गेली. बाटली उलटी, लेबल उलटं, त्यावरचा शब्द उलटा. दुसऱ्या कुणाला तो वाचता आला नसता. मला तो सुलट असता तर कदाचित दिसलाही नसता. डी, ई, एक्स.

मी कपाटावरचा डबा घेतला आणि तो उलटा धरला. अक्षरं तीच होती. तुटक्या पायाचा एक्ससुद्धा जागेवर होता, जरासा फिका.

त्या वॉर्डात मार्था नावाच्या सिस्टर होत्या, नगरच्या. माणसाशी माणसासारख्या बोलणाऱ्या त्या एकट्याच. मी त्यांना विचारलं, ‘‘सिस्टर, आबांच्या बाटलीत काय आहे?’’

‘‘डेक्स्ट्रोज,’’ त्या म्हणाल्या. ‘‘साखरेचं पाणी. त्यांना खाता येत नाही ना, म्हणून शिरेतून देतो.’’

‘‘साखर म्हणजे आपली साखर?’’

‘‘ग्लुकोज. तुमच्या रक्तात वाढते ती.’’

मी डबा त्यांच्यापुढं केला. त्यांनी तो खिडकीशी नेऊन बारीक ओळी वाचल्या. मग परत आल्या आणि माझ्या खाटेवर टेकल्या. सिस्टरांनी पेशंटच्या खाटेवर बसायचं नसतं. हे प्यायला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, डब्यानं.

त्यांनी मला त्या दोन ओळींचा अर्थ सांगितला. बार्लीच्या माल्टचा अर्क, दुधाची भुकटी, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज. चारातल्या तीन गोष्टी सरळ साखर वाढवणाऱ्या, आणि पाचवं काही नव्हतंच. त्यांना विनंती केली तेव्हा त्यांनी तापाच्या एका कोऱ्या तक्त्याच्या पाठीवर मला इंग्रजीत आणि शेजारी मराठीत नावं लिहून दिली: ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, सुक्रोज, माल्टोज, माल्ट, इन्व्हर्ट, सिरप. म्हणाल्या, यातलं काहीही दिसलं तर तोंडात घालायचं नाही. आणि सॅकरीन वेगळं, ते गोड असलं तरी साखर नव्हे, पण तेही कुणी लिहितं, कुणी लिहीत नाही.

सोजर आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं डबा उचलला, मोरीत ओतला, आणि पाणी सोडून ते सगळं वाहून जाईपर्यंत तिथं उभी राहिली. परत येऊन म्हणाली, ‘‘म्या तुमास्नी चोर म्हनली.’’ मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. ताटाचं म्हणायचं होतं. पण वॉर्डात माणसं होती आणि मी नुसतीच मान हलवली.

पाचव्या दिवशी नळी दिव्यावर धरली तेव्हा औषध निळंच राहिलं. पाऊल वाचलं.

साखर म्हणजे उसाची

चालता येऊ लागल्यावर मी पहिल्यांदा शिरूरची एसटी धरली. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, आत दोन पिंपं आणि डबे भरणाऱ्या चार बायका. कारखानदारांनी मला ओळखलं, बसायला खुर्ची दिली, पायाकडं बघून चुकचुकले. मी लेबल पुढं ठेवलं आणि विचारलं, यात साखर आहे की नाही?

‘‘नाही,’’ ते म्हणाले. आवाज तसाच मऊ. ‘‘साखर म्हणजे उसाची. आमचा माल मक्याचा आहे. उसाचा कण आत नाही. आणि काय आहे ते खाली लिहिलंय की, आम्ही लपवलंय कुठं?’’

मी म्हटलं, तुम्ही ‘नाही’ मराठीत लिहिलंत आणि ‘आहे’ इंग्रजीत. मोठं खोटं आणि बारीक खरं.

त्यावर ते म्हणाले, ‘‘साळवे, जुळवलं तर तुम्हीच होतं. वाचलं नाहीत?’’

मी उठलो. हात उगारला होता, तो तसाच खाली घेतला. भरणाऱ्या बायका बघत होत्या. त्या माणसाबद्दल मला अजून कसलीही माया नाही, पण त्यानं विचारलेला प्रश्न खोटा नव्हता, आणि मी त्याचा द्वेष करतो त्यातला निम्मा त्या प्रश्नासाठी करतो.

सरकारी कचेरीतही गेलो. तिथल्या साहेबांनी लेबल उलटसुलट करून पाहिलं. घटक छापलेत, म्हणजे तक्रार उरत नाही, असं म्हणाले. इंग्रजी येत नाही हा तुमचा प्रश्न, असंही म्हणाले. मी विचारलं, दौंडच्या बाजारात इंग्रजी येणारी माणसं किती? त्यांनी शिपायाला हाक मारली.

छापखान्यात परत रुजू झालो त्याच आठवड्यात त्या लेबलाची नवी छपाई आली. मी मालकांना म्हटलं, इंग्रजी ओळी मराठीत, मोठ्या टायपात जुळवू द्या, नाहीतर मी हात लावणार नाही. मालक वाईट नव्हते. त्यांनी मला समजावलं की आपण छापणारे, लिहिणारे नव्हे. गिऱ्हाईक देईल ते छापायचं. मी म्हटलं, मी तेच केलं आणि अंगठा गेला. दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी माझ्या केसपुढं दुसरा माणूस उभा होता.

शिरूरला ओळखीच्या एकाचं लहानसं हातयंत्र होतं. तिथं मी स्वतः खिळे जुळवून एक पत्रक छापलं. वर त्या पावडरीचं नाव, आणि खाली: ‘यात ग्लुकोज आहे. ग्लुकोज म्हणजे साखर. मधुमेहाच्या माणसानं पिऊ नये. मी प्यालो, माझा अंगठा कापला.’ शेवटी माझं नाव आणि वस्ती. दौंड स्टेशनच्या दारात आणि शिरूरच्या बाजारात मी ती वाटली. काहींनी घेतली, काहींनी चणे गुंडाळले. कारखानदारानं दोन माणसं पाठवून मला धमकावलं. मी पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा गेलो.

न्हावऱ्याची बाई

महिनाभरानं एका दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, धनगर, न्हावऱ्याजवळच्या वाडीची. हातात माझं पत्रक आणि खांद्याला पिशवी. तिला वाचता येत नव्हतं, एसटीच्या कंडक्टरनं तिला ते वाचून दाखवलं होतं. तिच्या नवऱ्याला माझाच आजार. दीड वर्ष ती त्याला ती पावडर देत होती. दिवाळीत त्याचा पाय गुडघ्यापासून कापला.

तिनं पिशवीतून डबा काढून उंबऱ्यावर ठेवला. ‘‘ह्याच्यावरचं कुणी छापलं?’’

मी म्हटलं, ‘‘मी.’’

‘‘तुमास्नी ठावं न्हवतं आत काय हाय ते?’’

‘‘नव्हतं.’’

‘‘मंग छापलं कशाला?’’

सोजर आतून आली होती. ती माझ्या बाजूनं काही बोलेल असं मला वाटलं. तीही उत्तराची वाट बघत दाराशी उभी राहिली. बाई खाली बसली आणि पिशवीतल्या बाकीच्या वस्तू एकेक काढून माझ्यापुढं मांडल्या. बिस्किटांचा पुडा, ताकदीच्या औषधाची बाटली, खोकल्याचं औषध, सरबताची बाटली. म्हणाली, वाचा.

मी सिस्टरांचा तक्ता आणला आणि एकेक अक्षर ताडून वाचलं. बिस्किटात इन्व्हर्ट सिरप. ताकदीच्या औषधात सिरप. खोकल्याच्या औषधात सिरप. सरबताच्या बाटलीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसतं फळाचं चित्र होतं. ताकदीचं औषध डाक्टरनं दिलंय, असं ती म्हणाली. मी म्हटलं, डाक्टरनं दिलं असलं तरी साखर ती साखर, त्यांना जाऊन विचारा, आणि बिनसाखरेचं मागा. मग नवऱ्यानं खायचं काय, असं तिनं विचारलं. मी काय खातो ते सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून घेतलं, पाठ होईपर्यंत. शेवटी तक्त्यावरची नावंही मला मोठ्यानं म्हणायला लावली आणि माझ्यामागून म्हटली, ग्लुकोज, सुक्रोज, माल्टोज, मेंढरांची नावं घ्यावीत तशी.

ती जायला निघाली तेव्हा सोजरनं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या केला. मे महिना होता, ती न्हावऱ्याहून उन्हात आलेली. तिनं तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ‘नगं’ म्हणून पिशवी उचलली.

आमच्या घरचं पाणी तिनं का घेतलं नाही, हे मला कळलं नाही. आमच्या जातीमुळं असेल तर दोष तिचा. त्या लेबलामुळं असेल तर माझा. मी विचारलं नाही.